सांधेरोपण शस्त्रक्रियांच्या नोंदी

सांधेरोपण शस्त्रक्रियांच्या नोंदी : झिजेने, संधिशोथाने किंवा अस्थिभंगामुळे निकामी झालेल्या सांध्याची टोके काढून त्यांच्या जागी धातू, पॉलिएथिलीन अथवा सिरॅमिक यांचे कृत्रिम घटक बसविण्याच्या शस्त्रक्रियेस सांधेरोपण म्हणतात. बोलण्यात तिलाच सांधेबदल असेही म्हटले जाते. खुबा व गुडघा यांवर ही शस्त्रक्रिया सर्वाधिक प्रमाणात केली जाते. खांदा, कोपर व घोटा यांवरही ती केली जाते. या शस्त्रक्रियेसंबंधी तीन प्रकारच्या नोंदी ठेवल्या जातात : (१) शस्त्रक्रियागृहात काय आढळले व काय केले, हे सांगणारे शस्त्रक्रिया-टिपण, (२) रुग्णाची पुढील तपासणी, क्ष-किरण चित्रे व सांध्याचे कार्य यांची नोंद आणि (३) एखाद्या देशातील वा प्रदेशातील अशा सर्व शस्त्रक्रियांची एकत्रित नोंदवही.

आंत्रपुच्छ काढून टाकण्यासारख्या शस्त्रक्रियेचा बरावाईट परिणाम काही दिवसांत कळून येतो. कृत्रिम सांध्याचे तसे नाही. तो शरीरात वर्षानुवर्षे राहतो, रोज भार वाहतो आणि त्यातील दोष पुष्कळदा पाच, दहा किंवा पंधरा वर्षांनी उघड होतो. तोपर्यंत शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात, रुग्णाने गाव बदललेले असते आणि सांध्याची ती घडणही बाजारात उरलेली नसते. त्यामुळे सांधा जितका काळ टिकावा अशी अपेक्षा असते, निदान तितका काळ त्याची नोंद टिकली पाहिजे, हे या नोंदपद्धतीचे मूलतत्त्व होय. ते मान्य होऊन व्यवहारात येण्यास जवळजवळ एक शतक लागले.

पूर्वेतिहास : शस्त्रक्रियांच्या परिणामांची पद्धतशीर नोंद व्हावी, हा विचार कृत्रिम सांध्यांहून जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयविषयक आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्रक्रियांची आकडेवारी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात ठेवावी, अशी सूचना केली होती. नमुना एकच असल्याखेरीज एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. त्या काळात या सूचनेस फारसे यश आले नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी हा विचार पुढे नेला. विद्यार्थिदशेत असताना १८९४-९५ च्या सुमारास त्यांनी व हार्वी कुशिंग यांनी ईथर दिलेल्या रुग्णाच्या नाडीची व श्वसनाची शस्त्रक्रिया चालू असतानाच नोंद करणारे तक्ते वापरण्यास सुरुवात केली होती. पुढे कॉडमन यांनी ‘अंतिम परिणाम’ ही कल्पना मांडली. रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ मागोवा घ्यावा, उपचार यशस्वी झाला की नाही हे पाहावे आणि झाला नसल्यास का झाला नाही याचा शोध घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. वरवर साध्या वाटणाऱ्या या कल्पनेस सहकाऱ्यांचा विरोध झाला. कारण अशा नोंदींतून प्रत्येक शल्यचिकित्सकाचे यशापयश उघड होणार होते. सेवाज्येष्ठतेनुसार बढती देण्याच्या पद्धतीच्या निषेधार्थ कॉडमन यांनी १९१४ मध्ये मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले होते. तेथून १९११–१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांबाबत झालेल्या १२३ चुका त्यांनी वर्गवारी करून छापून प्रसिद्ध केल्या. १९२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने अस्थिकर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली.

कॉडमन यांच्या खटपटीचा परिणाम अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेच्या कार्यावर झाला. या संस्थेने रुग्णालयांसाठी किमान मानके ठरविली व प्रत्येक रुग्णाची अचूक आणि संपूर्ण नोंद हे त्यांपैकी एक मानक होते. १९१८-१९ मध्ये शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी करण्यात आली, तेव्हा केवळ ८९ रुग्णालये या मानकांस उतरली. हा निष्कर्ष इतका अडचणीचा ठरला की, रुग्णालयांच्या नावांची यादी प्रसिद्ध न करता जाळून टाकण्यात आली.

कृत्रिम सांधे व नोंदींची निकड : बर्लिन येथे टेमिस्टॉक्लेस ग्लुक (१८५३–१९४२) यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसविले, तथापि जंतुसंसर्गामुळे ते टिकले नाहीत. लंडन येथे फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये अगंज पोलादाचा, खोबण व गोलक असे दोन्ही भाग असलेला खुब्याचा सांधा काही रुग्णांत बसविला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत या रुग्णांसंबंधीची बरीच कागदपत्रे गहाळ झाली आणि एका महत्त्वाच्या प्रयोगाचे फलित पुढील संशोधकांना पूर्णपणे उपलब्ध झाले नाही. फ्रान्समध्ये झ्युदे बंधूंनी १९४६ पासून अ‍ॅक्रिलिकचे गोलक वापरले. प्रारंभीचे परिणाम उत्साहवर्धक होते. काही वर्षांनी मात्र गोलक झिजू व मोडू लागले. लवकर मिळालेल्या यशावरून सांध्याची परीक्षा करता येत नाही, हा धडा या प्रयोगाने दिला.

तोच धडा सर जॉन चार्न्ली (१९११–८२) यांना इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात स्वतःच्या कामातून मिळाला. १९५८ नंतर त्यांनी सु. ३०० रुग्णांत टेफ्लॉनची खोबण असलेला सांधा बसविला. पहिली एकदोन वर्षे रुग्ण वेदनामुक्त होते. मात्र तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झपाट्याने झिजले, झिजेच्या कणांभोवती हाड खचले आणि बहुतेक सांधे काढावे लागले. चार्न्ली यांनी रुग्णांचा मागोवा घेणे सोडले नव्हते, म्हणून हे अपयश लवकर लक्षात आले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी टेफ्लॉनऐवजी उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरले आणि आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला गेला. यानंतर त्यांनी अधिक सावधपणा बाळगला. नवा सांधा त्यांनी काही वर्षे सर्रास विक्रीस जाऊ दिला नाही. तो वापरू इच्छिणाऱ्यांनी राइटिंग्टन येथे येऊन तंत्र शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी मिळावा म्हणून ते रुग्णांची आगाऊ संमतीही घेत.

परिणामांची तुलना करण्यासाठी समान मोजमापाची गरज होती. फ्रान्समधील रॉबेर मेर्ल दोबिन्ये व मिशेल पोस्तेल यांनी १९५४ मध्ये वेदना, हालचाल व चालण्याची क्षमता यांना गुण देण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतील विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये खुब्यासाठी शंभर गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. ‘रुग्ण बरा आहे’ या मोघम शेऱ्याची जागा यामुळे अंकांनी घेतली.

शस्त्रक्रिया-टिपण : सर्व नोंदींचा उगम शस्त्रक्रियेनंतर लगेच लिहिलेल्या टिपणात असतो. त्यात दिनांक व वेळ, शल्यचिकित्सक, साहाय्यक व बधिरीकरणतज्ञ यांची नावे, निदान, उजवी की डावी बाजू, छेद व सांध्यापर्यंत जाण्याचा मार्ग, आत आढळलेली स्थिती, केलेली कृती, उद्भवलेल्या अडचणी, रक्तस्राव, दिलेली प्रतिजैव औषधे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून योजलेले उपाय, जखम बंद करण्याची रीत आणि पुढील शुश्रूषेच्या सूचना यांचा अंतर्भाव असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सांधेरोपणात याखेरीज प्रत्येक घटकाचा उत्पादक, नमुना, आकारमान, सूची क्रमांक व उत्पादन-गट क्रमांक, तसेच सिमेंट वापरले असल्यास त्याचा प्रकार यांची नोंद आवश्यक असते. गुडघ्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वीचा बाक, अस्थिबंधांचा समतोल आणि रक्तप्रवाह रोखणारा पट्टा किती वेळ बांधला होता, हेही लिहावे लागते.

यांतील कोणतीही बाब केवळ औपचारिक नसते. उदा., खुब्याच्या सांध्यातील पॉलिएथिलीनचे अस्तर तेवढे झिजले असेल आणि बाकीचे घटक हाडात पक्के असतील, तर अस्तर व गोलक बदलून काम भागू शकते. मात्र त्यासाठी मूळ सांधा कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या नमुन्याचा व कोणत्या मापाचा आहे, हे माहीत असले पाहिजे. एका उत्पादकाचा गोलक दुसऱ्याच्या दांड्यावर नीट बसेलच असे नाही. ही माहिती नसेल तर पुनःशस्त्रक्रियेच्या वेळी अनेक प्रकारची उपकरणे जमवून ठेवावी लागतात आणि प्रसंगी हाडाशी एकजीव झालेला चांगला घटकही फोडून काढावा लागतो. त्यात हाडाची हानी होते, शस्त्रक्रिया लांबते आणि वयस्क रुग्णाच्या जिवास असलेला धोका वाढतो. एका ओळीच्या अभावाची किंमत रुग्णास अशा रीतीने मोजावी लागते.

हाताने लिहिलेल्या टिपणांत काही दोष वारंवार आढळतात. मजकूर वाचता येत नाही. टिपण दिवसअखेर आठवणीने लिहिलेले असते. कनिष्ठ डॉक्टर ते वरिष्ठांच्या वतीने लिहितो. नेहमीची बाब म्हणून बाजू, पट्ट्याचा वेळ किंवा सिमेंटचा प्रकार गाळला जातो. सुधारणेचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे छापील नमुना. प्रत्येक बाबीसाठी रिकामी चौकट असली की राहून गेलेली गोष्ट डोळ्यांस दिसते. घटकाच्या वेष्टनावरील चिकटपट्ट्या म्हणजे स्टिकर टिपणावरच लावण्याची प्रथा हा दुसरा उपाय होय. त्यामुळे लांबलचक क्रमांक उतरवून घेताना होणाऱ्या चुका टळतात. पुढे दंडसंकेत म्हणजे बारकोड व संगणक यांमुळे हे काम आणखी सुलभ झाले. काही टिपणे ठरावीक निकषांवर तपासणे, उणिवा सहकाऱ्यांपुढे मांडणे, नमुन्यात सुधारणा करणे आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे, या चक्रास परीक्षण म्हणतात. संगणकीय नमुन्यात मात्र एक नवा धोका संभवतो. आधीच भरून ठेवलेला मजकूर न वाचता तसाच राहू दिला, तर टिपण पूर्ण दिसते, परंतु खरे असत नाही.

राष्ट्रीय नोंदवह्या : एका रुग्णालयातील टिपणे कितीही चांगली असली, तरी एखादा सांधा सदोष आहे की ते अपयश योगायोगाचे आहे, हे थोड्या रुग्णांवरून ठरविता येत नाही. शिवाय मूळ शस्त्रक्रिया एका ठिकाणी व पुनःशस्त्रक्रिया दुसरीकडे झाल्यास पहिल्या शल्यचिकित्सकास आपले अपयश कळतही नाही. यावर उपाय म्हणून स्वीडनमध्ये १९७५ साली लुंड येथील योरान बाउअर यांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या सांधेरोपणाची देशव्यापी नोंदवही सुरू झाली. खुब्याची नोंदवही १९७९ मध्ये येतबोरी (गॉथेनबर्ग) येथे पेटर हर्बर्ट्‌स यांच्या नेतृत्वाखाली निघाली. आरंभी खुब्याच्या नोंदवहीत पुनःशस्त्रक्रियांची नोंद रुग्णागणिक होई, तर मूळ शस्त्रक्रियांची केवळ रुग्णालयवार संख्या कळविली जाई. १९९२ पासून मूळ शस्त्रक्रियाही रुग्णागणिक नोंदल्या जाऊ लागल्या. २०२० मध्ये या दोन्ही नोंदवह्या एकत्र करण्यात आल्या.

स्वीडनमधील यशास एक सामाजिक कारणही होते. तेथे १९४७ पासून प्रत्येक नागरिकास आयुष्यभरासाठी एक ओळखक्रमांक मिळत असे. त्यामुळे एका गावातील पहिली शस्त्रक्रिया व वीस वर्षांनी दुसऱ्या गावातील पुनःशस्त्रक्रिया यांची सांगड घालता येई आणि रुग्ण मरण पावल्यास तेही कळे. फिनलंडमध्ये १९८० साली व नॉर्वेत १९८७ साली अशीच व्यवस्था झाली. नॉर्वेत शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेनंतर लगेच एक पानी पत्रक भरून बॅर्गन येथील कार्यालयाकडे पाठवावयाचे असे. पत्रक लहान ठेवल्यामुळे ते भरण्याचा कंटाळा आला नाही व ही पद्धत टिकून राहिली. डेन्मार्क (१९९५), ऑस्ट्रेलिया (१९९९) व कॅनडा (२००१) या देशांनीही पुढे नोंदवह्या सुरू केल्या. इंग्लंड व वेल्स यांची संयुक्त नोंदवही एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. तीत आता तीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद असून ती या प्रकारच्या जगातील सर्वांत मोठ्या नोंदवह्यांपैकी आहे.

फलश्रुती : नोंदवह्यांची उपयुक्तता काही घटनांवरून स्पष्ट झाली. ‘बोनलॉक’ नावाचे नवे अस्थिसिमेंट १९९१ मध्ये वापरात आले. ते वापरलेले सांधे जुन्या सिमेंटच्या मानाने फार लवकर ढिले होतात, हे नॉर्वेतील नोंदवहीने १९९५ मध्ये दाखवून दिले व ते बाजारातून काढून घेण्यात आले. याउलट ग्रेट ब्रिटनमध्ये १९९१ पासून वापरल्या गेलेल्या ‘कॅपिटल’ या खुब्याच्या सांध्याबाबत धोक्याची सूचना निघण्यास फेब्रुवारी १९९८ उजाडले. तोपर्यंत तो सु. ४,७०० रुग्णांत बसविला गेला होता आणि देशव्यापी नोंदवही नसल्याने त्यांचा शोध घेणे अवघड झाले. ब्रिटिश नोंदवही स्थापन होण्यास या प्रकरणाने मोठी चालना दिली.

धातूवर धातू घासणाऱ्या ‘एएसआर’ या खुब्याच्या सांध्याचे प्रकरण याहून गंभीर होते. २००३ पासून विकल्या गेलेल्या या सांध्याच्या झिजेतून कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण निघून भोवतालच्या ऊतकांची हानी होत असे. ऑस्ट्रेलियातील नोंदवहीत त्याच्या पुनःशस्त्रक्रियांचे प्रमाण जास्त आढळले व डिसेंबर २००९ मध्ये तेथील विक्री थांबली. ब्रिटिश नोंदवहीनुसार पाच वर्षांत त्याच्या दोन प्रकारांत अनुक्रमे सु. १२ व १३ टक्के पुनःशस्त्रक्रिया कराव्या लागल्याचे दिसून आल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलाविण्यात आला. तोवर सु. ९३,००० सांधे बसविले गेले होते.

सांधा किती वर्षे टिकेल, या रुग्णाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही नोंदवह्यांमुळेच देता येते. मुख्यतः ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खुब्याचे सु. ५८ टक्के व संपूर्ण गुडघ्याचे सु. ८२ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात.

मर्यादा : पुनःशस्त्रक्रिया हेच अपयशाचे माप मानले, तर वेदना सोसणारा पण पुन्हा शस्त्रक्रियेस तयार नसलेला रुग्ण यशस्वी गणला जातो. म्हणून रुग्णाचे स्वतःचे मत विचारणाऱ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. खुब्यासाठी १९९६ व गुडघ्यासाठी १९९८ मध्ये ऑक्सफर्ड येथे बनविलेल्या प्रश्नावल्या त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमध्ये २००९ पासून अशा प्रश्नावल्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर भरून घेण्याची व्यवस्था झाली. नोंदवही अपूर्ण असेल तर तीवरून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. कारण अपयशाचीच नोंद राहून जाण्याचा संभव अधिक असतो. रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखणे आणि कठीण रुग्ण स्वीकारणाऱ्या शल्यचिकित्सकाचे आकडे अन्यायाने वाईट दिसू न देणे, हेही प्रश्न आहेत. कॉडमन यांना झालेला विरोध या भीतीतूनच निर्माण झाला होता.

भारतातील स्थिती : भारतात सांधेरोपणाचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झपाट्याने झाला. खुबा व गुडघा यांच्या शल्यचिकित्सकांच्या भारतीय संघटनेने २००६ मध्ये नोंदवही सुरू केली. ती शल्यचिकित्सकांच्या स्वेच्छेवर अवलंबून असल्यामुळे देशातील सर्व शस्त्रक्रियांचे चित्र तीतून मिळत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत रुग्णास देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णास आपल्या अभिलेखाची प्रत मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला होता. मात्र तीन वर्षांची मुदत आणि पंचवीस वर्षांपर्यंत टिकू शकणारा सांधा यांचा मेळ बसत नाही.

ही विसंगती एएसआर प्रकरणात ठळकपणे दिसून आली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या सांध्याबाबत चौकशी करून केंद्रीय औषध नियंत्रकांचे लक्ष वेधले होते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार भारतात या सांध्याच्या सु. ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. परंतु त्यांपैकी सु. ३,६०० रुग्णांचा पत्ता लागला नव्हता. आपल्या शरीरातील सांधा सदोष म्हणून परत बोलाविला गेला आहे, हे त्यांना कळविण्याचा मार्गच उरला नव्हता. समितीने भरपाईबरोबरच अधिक जोखमीच्या वैद्यकीय साधनांसाठी स्वतंत्र नोंदवहीची शिफारस केली.

महाराष्ट्रात ग्रामीण भागातील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईसारख्या शहरांत येतात आणि पुढील तक्रारींसाठी बहुधा गावाजवळच्या डॉक्टरांकडे जातात. केसपेपर रुग्णालयातच राहतो. रुग्णाच्या हाती असते ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर ‘उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण’ एवढेच लिहिलेले असेल, तर पंधरा वर्षांनी त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याच कार्डावर सांध्याच्या घटकांचे स्टिकर लावून दिले आणि क्ष-किरण चित्रांसह ते जपून ठेवण्यास रुग्णास सांगितले, तर राष्ट्रीय नोंदवहीची उणीव काही अंशी भरून निघते. या उपायास खर्च नाही व कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्याने एका रुग्णाची सोय होते. सदोष सांधा वेळीच ओळखून इतरांस वाचविण्यासाठी मात्र सर्व रुग्णालयांच्या एकत्रित व अखंड नोंदीस पर्याय नाही.